चाहूल

नवऱ्याचा कोरडा खोकला काही केल्या हटत नव्हता. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर त्याला ढास लागायची, आणि तो तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बायको आईचा फोन आवरता घ्यायची, मुलगी टीव्ही बंद करून पुस्तकात डोकं खुपसायची.

डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पाहिला. तो स्वच्छ होता. सिगारेट नाही, धुळीतलं काम नाही, पित्ताचा त्रास नाही. मग त्यांनी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. "ह्या गोळीने काही जणांना असा खोकला येतो. बदलून देतो."

"गोळी रोज हीच देते हातात," नवरा शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवत म्हणाला. "म्हणजे शत्रू घरातच होता."

डॉक्टर हसले. बायकोही हसली.

नव्या गोळीने खोकला पार गेला. आता तो घरात आलाय हे तो पाठीशी येऊन उभा राहिल्यावरच कळायचं.

पुढच्या महिन्यात बायको मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीचा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात बांधलेला.

"पडलीस का गं?" डॉक्टरांनी विचारलं.

मुलीने आईकडे पाहिलं. "हो, पडली," आई म्हणाली.

"आणि साहेबांचा खोकला?"

"गेला." तिने मुलीची खुर्ची जवळ ओढली. "डॉक्टर, ती जुनी गोळी परत सुरू करता येईल का?"

"का? नव्या गोळीचा त्रास होतोय त्यांना?"

"त्यांना नाही."