मोठी टाकी

कोलंबियातल्या ग्वाहिराच्या वाळवंटात भर दुपारी दोन गुंडांनी नोल्बेर्तोला बायकोदेखत, अंगणातच गोळ्या घातल्या. त्याच्या दोन जुनाट मोटरसायकली तिथंच उभ्या होत्या. गुंडांनी मोठ्या टाकीची निवडली. झाकण उघडून पाहिलं, तर पेट्रोल अगदी गळ्यापर्यंत. लहान टाकीची गोळ्यांनी चाळण करून एकजण हसला, "वहिनी, आता सीमेपर्यंत आमची धूळच बघत बसा."

आमच्याकडे खुनाचा सूड मामांनी घ्यायचा असतो. नोल्बेर्तोचे मामा बंदुका घेऊन धावत आले.

"कुठल्या वाटेनं गेले? लवकर बोल, सूनबाई!"

एर्मेलिंदाने डोळे पुसले आणि चुलीवर कॉफी ठेवली.



"बसा, मामा. तुमच्या भाच्याने त्यांनी पळवलेल्या मोठ्या टाकीत तस्करीच्या मालासाठी चोरकप्पा केलाय. पेट्रोल दोनच लिटर मावतं."