आई, घाबरू नका

भोंगा काही थांबेना. सासूबाईंनी माउस हलवून पाहिला, कीबोर्डवरची बटणं एकामागून एक दाबली, शेवटी हातातलं विणकाम कॉम्प्युटरवर टाकून दिलं. तरी त्या लोकरीखालून तो ओरडतच राहिला. लालभडक पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे. बँकेची माहिती चोरीला जात आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.

बँक हा शब्द वाचताच त्या खुर्चीतून उठल्याच. यजमानांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेली सगळी पुंजी त्या खात्यात होती. तारीखही ठरली होती. मुलगा आजच त्यांना तपासण्यांसाठी दवाखान्यात घेऊन गेला होता. "त्या डबड्याशी फार खेळू नकोस, एक दिवस घर धुऊन निघेल," असं ते जाता जाता चेष्टेत म्हणाले होते. आणि मोज्यांची नवी वीण बघायला म्हणून त्या बसल्या, तर हे असं!

आतल्या खोलीत सून झोपली होती. घसा पार बसला म्हणून तिने आज सुट्टी घेतली होती. गिऱ्हाइकांशी फोनवर कसं बोलावं, हे ती कुठल्याशा कंपनीत नव्या मुलांना शिकवायची. कंपनीचं नाव सासूबाईंच्या जिभेवर कधी बसलं नाही, पण चार बायकांत सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा. तिला उठवावं का? त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. काय तोंडाने सांगणार?

त्यांनी पडद्यावरचा नंबर लावला.

"आई, घाबरू नका. मी आहे ना," पलीकडचा तरुण म्हणाला.

किती हळुवार, किती समजुतीचा आवाज! घरातलंच कुणी बोलतंय असं वाटलं. त्याने सांगितलं तिथे त्यांनी टिचकी मारली, कोपऱ्यातला नंबर वाचून दाखवला. भोंगा थांबला आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला.

"अग बाई, ही काय भुताटकी!"

"मीच तो, आई. चोर शोधतोय. घरात कुणी आहे का?"

"सून आहे. निजलीय."

"निजू द्या. आणि सध्या घरात कुणाला काही सांगू नका हं. कधी कधी चोर घरातल्याच मोबाइलवरून शिरतो. आता बँकेकडून तुम्हाला एक कोड येईल, तेवढा सावकाश वाचून दाखवा."

चष्मा नाकावर सरकवून सासूबाई वाचायला लागल्या. मागे पावलं वाजली. सून गरम पाणी घ्यायला उठली होती. तिने फिरणारा बाण पाहिला, फोन पाहिला, आणि भिंतीतला प्लग उपटला.

"अगं! बंद करू नका म्हणाला होता तो!"

सुनेने त्यांच्या हातातला फोन घेऊन कट केला. "घरात कुणाला सांगू नका म्हणाला असेल," ती कुजबुजली. त्याहून मोठा आवाज फुटतच नव्हता.

"हो."

"चोर घरातल्याच मोबाइलवरून शिरतो म्हणाला?"

"हो. तुला गं कसं कळलं?"

"सगळे तेच सांगतात, आई. कोड वाचलात?"

"अर्धा. तेवढ्यात तू आलीस."

सून पांढरीफटक पडली. तिने बँकेला फोन लावला. पलीकडून संगीत, मग 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा संगीत.

"महत्त्वाचा आहे तर उचला ना, मेल्यांनो!" सासूबाई येरझाऱ्या घालत म्हणाल्या. तोंडाने देवाचं नाव चालू होतं, पण मधेच ते विसरून त्या पुन्हा फोनकडे बघायच्या.

अखेर कुणी बाई बोलल्या. पैसे जागच्या जागी होते. त्यांनी खातं तेवढ्यापुरतं बंद करून टाकलं.

सासूबाई रडायलाच लागल्या. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "आई, घाबरू नका. मी आहे ना."

"यांना सांगू नकोस हं. जन्मभर टोमणे मारतील."

"नाही सांगत."

"काय गं, म्हाताऱ्या बाईला असं लुबाडायचं म्हणजे! त्यांना काय आईबाप नसतात?"

"असतात," सून म्हणाली.

"मग झोपा कशा लागतात मेल्यांना?"

सून पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. तोच नंबर.

"उचलू नका!" सुनेने झडप घातली. "आणा इकडे, तो नंबर बंदच करून टाकते."

"मुळीच नाही! चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"आई, नको. ऐका माझं."

"तू का इतकी घाबरतेस? पैसे वाचले ना आता?" सासूबाईंनी फोन उचलला आणि सुनेलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"आई, मधेच कट झाला बघा," तोच गोड आवाज खोलीभर पसरला. "उरलेले आकडे सांगता ना?"

सासूबाईंनी तोंड उघडलं, पण संतापाने जीभच वळेना. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने क्षणभर डोळे मिटून घेतले.

"ठेव फोन," ती म्हणाली. सकाळपासून बसलेला आवाज एकदम खणखणीत निघाला. "आणि इथे परत करायचा नाही."

पलीकडून कुणीतरी घाईघाईने उभं राहावं तशी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम?" तो तरुण चाचरत म्हणाला. "सॉरी, मॅडम... हे तुमचं घर आहे, ते ठाऊक नव्हतं."