हवाबंद

माझी विद्यार्थिनी शुभदा पालमहून रोज परभणीला प्रयोगशाळेत यायची. नवरा योगीराज तिला न्यायला तासभर आधीच येऊन दारात उभा राहायचा. मी तिच्याशी बोललो की त्याचा चेहरा उतरायचा.

शनिवारी शुभदानं हौसेनं त्याला आत बोलावलं आणि काचेच्या नळीतली पिवळी पूड दाखवली.

"लोखंडाला हायड्रोजन जोडलाय, भोवती फॉस्फिनच्या रेणूंचा पहारा. सहा महिन्यांनी जमलं बघा!"

"मग कोंडून कामून ठेवलं?"

"बाहेरची हवा लागली की लगेच नासतं."

माझ्याकडं बघत तो म्हणाला, "खरंय."

सोमवारी शुभदा आली नाही. मी तिला फोन लावला, तो योगीराजनं उचलला.



"ती आता येणार न्हाई, सर. तिला बाहेरची हवा लागायलीय."