बेकरीवाल्याचं पथ्य

अंगावर पिणाऱ्या लेकीचे गाल पुरळाने सोलवटले, तेव्हा डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, "दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, सगळं बंद करा. मग एकेक परत सुरू करून बघू."

"मीही सोडतो," नवरा म्हणाला.

"बेकरीत पाव भाजणारा माणूस तू! जमणारे का?"

त्याने जमवलं. भट्टीतून निघालेला पाव चाखायला तो साथीदाराला सांगू लागला.

हळूहळू लेकीचे गाल मऊ झाले. मग आईने दूध पिऊन पाहिलं, अंडं खाऊन पाहिलं. काही झालं नाही. गव्हाची पाळी आली, तेव्हा त्याने स्वतः भाजलेला गरम पाव आणला. तिने डोळे मिटून खाल्ला. सकाळी लेकीचे गाल लालभडक.

"तुझ्याच हातचा पाव निघाला रे!" तिला रडू फुटलं.

"रडतेस काय? चोर सापडला!" त्याने उरलेला पाव शेजारी देऊन टाकला. त्या दिवसापासून पिठाचे कपडे दाराबाहेर उतरवून, अंघोळ करूनच तो लेकीला उचलू लागला.

"तू तरी खा आता. ती काही तुझं दूध पीत नाही."

"मोठेपणी बऱ्याच मुलांना सोसतं म्हणाले ना डॉक्टर? मग आता ती भरवेल तेव्हाच खाईन."