चिमूटभर राख, दहा वर्षं

काचेच्या टाकीत बारा मासे, चार शिंपले आणि कमळाचा एक कंद होता. मत्स्यालयाच्या खिडकीबाहेर खरं तळं पसरलं होतं. टाकीत त्याचंच पाणी आणि त्याचाच गाळ होता. फक्त टाकीतलं एक मिनिट म्हणजे तळ्यातलं एक वर्ष.

"दहा मिनिटांनी एक जरी मासा कमी भरला, तर काकांची राख तळ्यात सोडता येणार नाही, मावशी," तिथली संशोधक तनुजा म्हणाली.

"पन्नास वर्षं याच पाण्यात डोंगा चालवला बुड्यानं. तवा नाही कोणी तपासलं त्याले," काकांची बायको पुस्तकलाबाई म्हणाल्या. मडक्यातली चिमूटभर राख त्यांनी पाण्यावर सोडली. "घ्या. जन्मभर त्यानं तुमाले खाल्लं, आता तुमची पाळी."

राख धुक्यासारखी पसरली. कमळं उमलली, मिटली, पुन्हा उमलली. पिल्लं चांदीच्या चुऱ्यासारखी चमकली, मोठी झाली आणि गाळात विरून गेली. चौथ्या मिनिटाला पाणी हिरवं झालं. मासे सातच उरले.

पुस्तकलाबाईंनी मडकं पोटाशी धरलं आणि त्यालाच हळू आवाजात म्हणाल्या, "आता तरी सोडा न जी त्या माशाईले."

हिरवा रंग हळूहळू तळाशी बसत गेला. कमळाच्या पानांखाली काहीतरी हललं.

दहावं मिनिट संपल्यावर तनुजाने दोनदा मोजलं आणि नोंद केली: शिंपले पाच. राख आढळली नाही. मासे तेरा.