रोज दहा वाक्यं

कचेरीने मागवून घेतलेल्या वह्या तिसरा आठवडा उलटला तरी परत आल्या नाहीत, तेव्हा फुकुनागा बाई स्वतःच कचेरीत गेल्या. चौदा वह्या होत्या. जपानातल्या सेकी गावच्या कात्र्यांच्या कारखान्यातल्या चौदा कारागिरांनी घाम गाळून इंग्रजीत भरलेल्या.

शिमोदा साहेब कागदांवर शिक्के मारत होते. "या या, बाई! तुमचीच आठवण काढत होतो."

याच माणसाने वर्षापूर्वी बाईंना कारागिरांना इंग्रजी शिकवायला नेमलं होतं. कारखाना परदेशी मालकाने विकत घेतला आणि फर्मान निघालं. मार्चपर्यंत इंग्रजीच्या परीक्षेत सहाशे गुण, नाहीतर नोकरी गेली समजा. जन्मभर कात्र्या घडवलेली, पन्नाशी-साठीची माणसं ती! पहिल्या तासाला सगळे माना खाली घालून बसले. तोगाशींनी तर महिनाभर तोंडच उघडलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचे तोगाशी म्हणजे कारखान्यातला सगळ्यात मुरलेला हात. पण इंग्रजीचं पुस्तक समोर आलं की तोच हात पान उलटायलाही धजायचा नाही.

मग बाईंना युक्ती सुचली. "चूक होईल म्हणून गप्प बसू नका," त्या म्हणाल्या. "पुस्तकातली ती विमानतळावरची वाक्यं सोडा, तुम्हाला कुठे विमानात बसायचंय! आपल्या हातातलं काम लिहा. रोज दहा वाक्यं. त्यात तुमची चूक काढणारा जगात कोणी नाही."

आता गंमत बघा. सेकीत काम कोणी कोणाला सांगत नाही. उस्ताद करतो, शिकणारा बघतो, जमलं तर उचलतो. चुकून कोणी विचारलंच, तर "डोळे फुटलेत का?" एवढंच उत्तर. सांगून दिलेली विद्या हातात टिकत नाही, ही पक्की समजूत. जपानीत त्यातलं एक वाक्य काढायलाही या माणसांची जीभ वळली नसती. पण इंग्रजीत? अहो, तो तर गृहपाठ! बाईंनी दिलाय म्हटल्यावर करायलाच हवा.

तोगाशी तर सुटलेच. पात्याला बाक किती द्यायचा. हातोडीचा ठोका कुठे घालायचा आणि कितव्या ठोक्याला थांबायचं. पाती मिटताना कसा आवाज आला की न्हावी ती कात्री परत आणणार. वाक्यावाक्याला चूक, पण सगळं लख्ख कळायचं. शेजारच्या मुरोईने एकदा भर वर्गात चिडवलं, "तोगाशी, बायकोशी तरी एवढं बोलतोस का रे?" तोगाशी कानापर्यंत लाल झाले आणि हसले. मागच्या महिन्यातल्या परीक्षेत त्यांना सहाशे चाळीस गुण पडले. नोकरी वाचली म्हणून ते बाईंसाठी पर्सिमन फळांची पेटी घेऊन आले होते.

"वह्या कुठेत, साहेब? तपासायच्या राहिल्यात."

शिमोदा साहेबांनी खणातून एक जाडजूड पुस्तक काढलं. गुळगुळीत कागद, आकृत्या, रंगीत फोटो. बाईंनी मधलंच पान उघडलं. वाक्यं ओळखीची होती. चुका तेवढ्या कोणीतरी दुरुस्त केल्या होत्या.

"व्हिएतनामच्या नव्या कारखान्यासाठी," साहेब खुशीत म्हणाले. "वर्षानुवर्षं आम्ही या म्हाताऱ्यांच्या मागे लागलो होतो, जरा लिहून द्या म्हणून. एकाने दाद दिली नाही. तुम्ही मात्र सगळं काढून घेतलंत! मालक जाम खूश आहेत तुमच्यावर."

"आणि ही माणसं?"

"मार्चमध्ये हा कारखाना बंद होतोय. सकाळीच सांगितलं त्यांना."

"पण तोगाशींना तर सहाशे चाळीस..."

"छान गुण आहेत," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

बाईंना स्वतःची शिसारी आली. त्या बाहेर पडल्या तर दाराशीच तोगाशी उभे. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाई कमरेत वाकल्या त्या वर येईनात.

"माझं चुकलं. मी तुम्हाला लिहायला लावायला नको होतं. माफ करा मला."

"उठा बाई. लोक बघतायत." तोगाशींच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "त्या पुस्तकाची एक प्रत मला मिळेल का?"

"तुम्हाला? तुम्हाला कशाला?"

"मुलाला पाठवीन म्हणतो. सात वर्षं इथे माझ्या शेजारी बसला होता. रोज विचारायचा, बाबा, हे असंच का? मी कधी सांगितलं नाही. शेवटी कंटाळून गेला. नागोयात ट्रक चालवतो आता."

तोगाशी खाली बघत पुढे म्हणाले,

"त्याला इंग्रजी येत नाही, बाई. तेवढं जपानीत करून द्याल? माझ्याच्याने ते जपानीत बोलवत नाही."