पाहुण्यांचं मटण

सुट्टीच्या दिवशी नर्सने पावशेर मटण मागितलं तेव्हा खाटीक हसला. "बाई, एवढ्याशात कुणाचं भागणार? घरात माणसं किती?" मागे रांग होती. एकटीच राहते म्हणायला तिची जीभ रेटेना. "पाहुणे यायचेत. किलोभर द्या." घरी तिने कांदा लालसर परतला, आलं-लसूण वाटून घातलं आणि मिरपूड लावलेलं मटण मंद आचेवर शिजत ठेवलं. वासामागोमाग शेजारचे आजोबा वाटी घेऊन दारात आले. "राहवेना, पोरी. चमचाभर रस्सा देतेस?" तिने वाटी काठोकाठ भरली. "एवढं मोठं पातेलं! पाहुणे वाटतं?" "हो," म्हणत तिने दार लावलं आणि एकटीच जेवली. संध्याकाळी आजोबा वाटी परत द्यायला आले. "पाहुण्यांना आवडलं का?" "हो. पुन्हा येतो म्हणालेत."  आजोबांची नजर तिच्यामागे ओट्यावर धुऊन ठेवलेल्या एकाच ताटावर गेली. "मग पुढच्या वेळी त्यांच्यात मलाही धर."